पाच महिने उघडा पडलेला पीआर: ओपन सोर्समध्ये माणसं कशानं येतात, कशानं टिकतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या तिघा मित्रांनी मराठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि दीड वर्षापूर्वी ते गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, खुलं केलं: कोणीही कोड बघावा, बदल सुचवावा. वापरणारे बरेच आहेत, पसंतीचे तीनशेच्या वर तारे मिळालेत, लोक भेटल्यावर कौतुकही करतात. काम मात्र अजून तिघांच्याच अंगावर आहे. बाहेरचं कोणी आलंच तर एकदा येतं आणि पुन्हा दिसत नाही. स्वयंसेवकांना नेमकं कशानं प्रोत्साहन मिळतं, आणि आपण टी-शर्ट, प्रमाणपत्र किंवा रोख बक्षीस ठेवावं का, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर लिहायला बसण्याआधी मी तुमची रेपो, म्हणजे गिटहबवरचं कोडचं पान, उघडली. दोन पीआर (पुल रिक्वेस्ट, बाहेरच्यानं ‘हा बदल घ्या’ म्हणून पाठवलेलं काम) उघडे दिसले. एकात कोणीतरी शेतीचे 212 शब्द पाठवलेत: तिफण, पाभर, कुळव, वखर आणि असेच पुढे. नुसते शब्द नाहीत, प्रत्येकाचं सामान्यरूपही दिलंय, म्हणजे ‘तिफणीने’, ‘पाभरीला’, ‘कुळवाचा’ लिहिलं तर तुमचं सॉफ्टवेअर खाली लाल रेघ ओढणार नाही. हे काम एका बैठकीत होत नाही. त्यासाठी घरातल्या, शेजारच्या जुन्या माणसांना विचारावं लागतं, मग एकेक रूप तपासावं लागतं. पाच महिने झाले, त्या पीआरखाली तुमच्यापैकी कुणाचंही एक अक्षर नाही.

तुम्हाला बोल लावायचा म्हणून हे सांगत नाही. तिघांच्याही नोकऱ्या आहेत, हे मला दिसतंय. पण माझं सगळं उत्तर या एका पीआरमध्ये आहे. माणूस आपल्याकडे का आला, यावर आपला फारसा ताबा नसतो. त्याच्या पहिल्या कामाला आपण किती लवकर आणि कसं उत्तर देतो, हे पूर्ण आपल्या हातात असतं, आणि तो पुन्हा येणार की नाही हे बहुतेक तिथेच ठरतं. सोळा वर्षं, आधी भाषांतरकार म्हणून आणि मग मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) म्हणून, काम केल्यावर मी हे खात्रीनं सांगतो.

माझी सुरुवात 2009 मधली. मी पुण्यात नोकरीला होतो. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी आवृत्तीत ‘सेव्ह’च्या बटणावर ‘वाचवा’ असं लिहिलेलं होतं. फाइल बुडत असल्यासारखं! मी तिथे ‘जतन करा’ सुचवलं आणि कसाबसा एक पॅच, म्हणजे बदलाची फाइल, बनवून मेलनं पाठवला. त्याच संध्याकाळी उत्तर आलं. लिहिणारा माणूस दुसऱ्या खंडातला, त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. त्यानं आभार मानले आणि विचारलं: हाच शब्द आणखी 14 ठिकाणी दिसतोय, तिथेही तुमचा बदल लागू होतो का, जरा पाहून सांगाल?

मी रात्री दोन वाजेपर्यंत त्या 14 जागा बघत बसलो. तेरा ठिकाणी ‘जतन करा’ हवं होतं. चौदाव्या ठिकाणी वाक्य बॅटरीबद्दल होतं आणि तिथे ‘वाचवा’ हाच शब्द बरोबर होता. ते मी कळवलं. पुढच्या आवृत्तीच्या टिपणात माझं नाव आलं, त्याचा आनंद झालाच. पण मला धरून ठेवलं त्या प्रश्नानं. जगातल्या कुठल्यातरी माणसाला एक गोष्ट कळत नव्हती, मला कळत होती, आणि त्यानं ती माझ्यावर सोपवली होती. ऑफिसात त्या काळात मला असं कोणी काही विचारत नव्हतं.

त्याच वर्षी मी आणखी एका प्रकल्पाला पॅच पाठवला होता. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात) स्वतंत्र जागा 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चिकटवत, आणि पुष्कळ फॉन्टांत तो चंद्र अक्षरावर न बसता शेजारी ठिपक्यांच्या गोलावर उभा राही. नवं अक्षर कीबोर्डवर यावं म्हणून मी मांडणीत बदल करून दिला होता. सात महिने शांतता. मग ‘बराच काळ हालचाल नाही’ असं कारण देऊन तो पॅच बंद झाला. कोणी वाईट बोललं नाही, कोणी नाकारलंही नाही. मी मात्र त्या प्रकल्पाकडे पुन्हा कधीच गेलो नाही. नकार आला असता तर कदाचित दुरुस्त करून पाठवला असता.

आता अभ्यासक काय म्हणतात ते. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी 287 प्रकल्पांतल्या 684 जणांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांचा निबंध 2005 मध्ये पुस्तकातून आला. त्यांना सर्वांत ठळक दिसलं ते हे: काम करताना आपण काही घडवतोय ही भावना आणि डोक्याला मिळणारं खाद्य. स्वतःला त्या सॉफ्टवेअरची गरज असणं आणि काही शिकायला मिळणं ही कारणंही वर होती. त्याआधी 2002 मध्ये जोश लर्नर आणि जाँ तिरोल या अर्थतज्ज्ञांनी वेगळी बाजू मांडली होती: खुल्या कोडवर तुमचं नाव असतं, कोणीही ते तपासू शकतं, आणि पुढे नोकरीच्या वेळी ते कामी येतं.

माझ्या अनुभवात दोन्ही खरं आहे, फक्त वेळ वेगळी आहे. तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा रेझ्युमेसाठी येतो आणि त्यात वावगं काहीच नाही. गुगल समर ऑफ कोड या उपक्रमामुळे 2005 पासून आपल्याकडची कितीतरी मुलं ओपन सोर्समध्ये आली, ती विद्यावेतन आणि नाव बघूनच आली. ‘हा फक्त रेझ्युमेसाठी आलाय’ असं म्हणून त्याला झटकणारे मेंटेनर मी पाहिलेत. मला ते अजिबात पटत नाही. दारात आलेल्या पोराला हेतू विचारून आत घ्यायचं नसतं. त्याला करण्यासारखं काम आणि बोलायला माणूस मिळाला, तर रेझ्युमे बाजूला पडतो आणि कामाची गोडी लागते, हे मी अनेकदा बघितलंय.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उदाहरण लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. त्याचं मूळ जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये. सन मायक्रोसिस्टिम्सनं ते 1999 मध्ये विकत घेतलं आणि 2000 मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस म्हणून खुला केला. नावाला खुला, पण बाहेरच्या माणसाला काही द्यायचं तर आधी करारावर सही करून आपल्या कोडच्या मालकीत कंपनीला वाटा द्यावा लागे. त्यानंतरही पॅच रेंगाळत पडत. इतके, की लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या तयार आवृत्त्या देणाऱ्या काही वितरणांनी आपापले पॅच ‘गो-ओओ’ नावानं वेगळे सांभाळायला सुरुवात केली होती. 2010 च्या जानेवारीत ओरॅकलनं सन विकत घेतली. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला त्यातल्याच अनेक जुन्या मंडळींनी डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं आणि कोडची नवी वाट काढली. तीच लिब्रेऑफिस.

कोड तोच, भाषा तीच सी प्लस प्लस, आणि कोडचा आकार नवख्याला धडकी भरवणारा. तरी नवी माणसं येऊ लागली. का? पहिली गोष्ट, मालकीचा करार गेला. माझं काम या परवान्याखाली देतो असं एका मेलमध्ये लिहिलं की झालं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी ‘ईझी हॅक्स’ नावाची यादी बनवली. त्यात नवख्याला झेपतील अशी छोटी कामं, आणि प्रत्येक कामाबरोबर कुठल्या फायलीत बघायचं याची खूण. त्यातलं एक काम होतं जर्मन टिपणांचं. मूळ सॉफ्टवेअर जर्मन कंपनीचं, त्यामुळे कोडमधली हजारो टिपणं जर्मनमध्ये होती आणि जगातल्या बाकीच्यांना ती कळत नव्हती. ती इंग्रजीत आणायची. दुसरं काम, कुठेच न वापरलेली फंक्शनं (कोडचे तुकडे) शोधून काढून टाकायची. त्यांचीही यादी तयार ठेवलेली.

टिपणाचं भाषांतर करायला सी प्लस प्लस फारसं यावं लागत नाही. पण ते करताना माणूस कोड उतरवून घेतो, बिल्ड करतो म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवतो, त्यात येणाऱ्या अडचणी सोडवतो, पॅच बनवतो, तो पाठवतो, त्यावर कोणाचं तरी उत्तर वाचतो. एका जर्मन ओळीच्या निमित्तानं सगळा रस्ता पायाखालून जातो. दुसऱ्यांदा येताना त्याला फक्त कामाचं बघायचं असतं, रस्ता माहीत झालेला असतो. असं काम आखणं हे मेंटेनरचं खरं कसब आहे. ‘कोणीही या, काहीही करा’ असं रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत, लिहिलं की कोणीच येत नाही, कारण कुठून धरायचं हेच कळत नाही.

तुमच्याकडे अशी कामं ढिगानं आहेत. वापरणाऱ्यांनी ‘हा शब्द बरोबर असून चुकीचा दाखवला’ अशा ज्या तक्रारी टाकल्यात, त्यातली प्रत्येक तक्रार म्हणजे एक छोटं काम आहे. त्यातल्या वीस निवडा. प्रत्येकीखाली चार ओळी लिहा: कुठली फाइल, शब्द कसा लिहायचा, चाचणी कुठे जोडायची, अडलं तर कोणाला विचारायचं. आणि हे पाळा: ती वीस कामं तुम्ही स्वतः करू नका. तुम्हाला पाच मिनिटं लागतील, हात शिवशिवतील, तरी नाही. ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली आहेत.

आता टी-शर्टचं. डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट ही ओपन सोर्सची मोहीम भरवते. चार पीआर पूर्ण केले की टी-शर्ट, असा त्याचा नियम बरीच वर्षं होता. हेतू चांगलाच होता आणि त्यातून खरे स्वयंसेवक मिळालेही. पण 2020 च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा ज्यांनी मेंटेनर म्हणून काढला त्यांना तो आठवतो. रीडमीमध्ये एखादा ‘ऑसम’ शब्द घुसवायचा, एखादी रिकामी ओळ घालायची, की झाला पीआर. अशा पीआरांचा असा लोंढा आला की आयोजकांना दोन-तीन दिवसांत नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तिथलेच पीआर धरले जाऊ लागले. 2023 मध्ये सरसकट टी-शर्ट देणंच थांबलं. 2024 च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावरही रीडमीमध्ये स्वतःचं नाव जोडणाऱ्या पीआरांची अशीच रांग लागली. एका यूट्यूब धड्यात उदाहरण म्हणून ती रेपो दाखवली होती आणि बघणाऱ्यांनी जसंच्या तसं केलं. मला त्या मुलांचा राग आला नाही. पीआर म्हणजे काय हे त्यांना कोणीतरी अर्धवट शिकवलं होतं.

मोजून बक्षीस दिलं की लोक मोजलं जाणारं तेवढंच करतात. त्यात आता एआयची भर पडलीय. कर्ल या इंटरनेटवरून डेटा नेण्या-आणण्याच्या मुक्त साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलं की सुरक्षेतल्या त्रुटी कळवणाऱ्यांसाठी तेव्हा ठेवलेल्या बक्षिसापायी एआयकडून लिहून घेतलेले, वाचायला छान पण आत काहीच नसलेले रिपोर्ट येतात आणि ते तपासण्यात माणसांचा वेळ जातो. तुम्ही तिघं आहात. दर शब्दामागे पन्नास रुपये ठेवलेत तर आठवड्याभरात तुम्ही फक्त कचरा निवडत बसाल. टी-शर्ट द्यायचेच असतील तर वर्षभर काम केलेल्या पाच-सहा जणांना न सांगता घरी पाठवा. जाहिरात करू नका.

श्रेय मात्र भरभरून द्या, त्याला पैसे लागत नाहीत. कर्लच्या कोडमध्येच एक आभाराची फाइल आहे. कोड लिहिणारा, बग कळवणारा, साधी सूचना करणारा, सगळ्यांची नावं त्यात, आणि ती आता तीन हजारांच्या पुढे गेलीत. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रत्येक बदलाखाली कोणी कळवलं, कोणी तपासलं, कोणी चालवून पाहिलं याच्या ओळी नावासकट लिहिण्याची रीत आहे. ती नावं इतिहासातून पुसली जात नाहीत.

माझा स्वतःचा प्रकल्प जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचा आहे. शिवाजी, श्रीलिपी आणि तशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फायली महाराष्ट्रातल्या छापखान्यांत अजून पडून आहेत. त्यांच्यात अक्षरं दिसतात तशी, डावीकडून उजवीकडे साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये ‘मूर्ती’तला ‘र्’ आधी येतो आणि ‘त’ नंतर. त्यामुळे प्रत्येक रफार उचलून मागे नेऊन बसवावा लागतो. एका फॉन्टमध्ये मात्र काही केल्या ‘मूर्ती’, ‘कीर्ती’ जुळत नव्हते. ते सोडवलं इचलकरंजीकडच्या एका छापखान्याच्या मालकांनी. त्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही. तीस वर्षं डीटीपी केलेल्या त्या काकांनी वहीच्या पानावर हातानं तक्ता काढला, मोबाइलनं फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं की या फॉन्टात दुसरी वेलांटी आणि रफार मिळून एकच वेगळं चिन्ह आहे, त्याची कळ निराळी. मी ते चिन्ह वेलांटी समजून रफार शोधत होतो!

त्या बदलात मी त्यांचं नाव सहलेखक म्हणून टाकलं, योगदानकर्त्यांच्या यादीत घातलं आणि त्यांना दुवा पाठवला. त्यांनी त्या पानाची छापील प्रत काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. त्यानंतर त्यांनी आणखी चार फॉन्टांचे तक्ते दिले आणि दोन मित्र छापखानेवाल्यांना कामाला लावलं. ते का करतात हे मी त्यांना विचारलं होतं. वडिलांच्या वेळेपासूनच्या फायली आहेत, त्या उघडल्या पाहिजेत, एवढंच ते म्हणाले. गरज त्यांची स्वतःची, जाण त्यांची, आणि ती जाण कोड लिहिणाऱ्याइतकीच मोलाची आहे हे त्यांना दिसलं. तुमच्या प्रकल्पात तर कोड हा लहान भाग आहे. मुद्रितशोधक, मराठीचे शिक्षक, मालवणी किंवा अहिराणी घरात बोलणारी माणसं, हे तुमचे खरे स्वयंसेवक. त्यांच्यासाठी गिटहबचं दार फार अवघड आहे. एक साधा अर्ज ठेवा, त्यात शब्द आणि त्याची रूपं भरता यावीत, आणि त्यांची नावं मात्र कोडवाल्यांच्याच यादीत, त्याच रांगेत घाला.

पहिल्या उत्तराबद्दल आणखी जवळून सांगतो, कारण तिथे बहुतेक जण चुकतात आणि मीही बरीच वर्षं चुकलो. सांगलीकडच्या एका विद्यार्थिनीनं पहिला पीआर पाठवला, रात्री पावणेबाराला. बदल तीन ओळींचा, पण दिसत होत्या नऊशे ओळी लाल-हिरव्या. तिच्या एडिटरनं प्रत्येक ओळीच्या शेवटचं चिन्ह बदललं होतं. पूर्वी मी अशा वेळी एवढंच लिहायचो: ‘व्हाइटस्पेस बदल काढा. चाचणी नाही.’ दोन्ही मुद्दे बरोबर, आणि ते वाचून समोरचा माणूस लॅपटॉप मिटून ठेवतो.

त्या दिवशी मी आधी तिचा बदल माझ्याकडच्या तीन जुन्या फायलींवर चालवून पाहिला आणि मग साधारण असं लिहिलं: ‘रफार आता योग्य जागी येतोय, तीन फायलींवर चालवून बघितलं. बाकीच्या ओळी बदललेल्या दिसतात त्या एडिटरमुळे, हे सगळ्यांचं होतं. या वेळी मी नीट करून घेतो, पुढच्या वेळेसाठी सेटिंग खाली देतोय. एक विचारायचं होतं: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन्हींवर हे चालतं का, बघाल?’ दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. चालत नव्हतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होत होता, म्हणजे जुन्या फॉन्टमधला अर्धा ‘ऱ्’ आमचा प्रोग्रॅम रफार समजून बदलत होता. हा बग आमच्याकडे तीन वर्षं होता आणि कोणालाच दिसला नव्हता. तिनं तो दुरुस्त केला. आज आमच्या प्रकल्पाची प्रत्येक आवृत्ती तीच काढते. प्रकाशनाच्या चाव्या तिच्याकडे आहेत आणि गेल्या दोन आवृत्त्यांत मी एकही ओळ लिहिलेली नाही.

त्या उत्तरात तीन गोष्टी मी जाणूनबुजून केल्या होत्या. काम चालवून पाहिलं आणि तसं सांगितलं. कंटाळवाणी दुरुस्ती स्वतःकडे घेतली. आणि शेवटी खरा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. हे शेवटचं मी 2009 च्या त्या अनोळखी माणसाकडून शिकलो. वेळ नसेल तर निदान एवढं लिहा: ‘मिळालं, पुढच्या रविवारी बघतो.’ आणि रविवारी बघा.

बोलण्याच्या पद्धतीचं ओझं मोठ्या प्रकल्पांनाही उचलावं लागलंय. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांचे रागीट मेल वर्षानुवर्षं गाजले. 2018 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतः कर्नलच्या मेल-यादीवर माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले, आणि 4.19 ही आवृत्ती ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी पूर्ण केली. कर्नल टिकला कारण त्यावर पगारी माणसं मोठ्या संख्येनं काम करतात. तुमच्या-माझ्या प्रकल्पातला स्वयंसेवक एक कडवट वाक्य वाचून उठून जातो आणि तो गेलाय हे आपल्याला कळतही नाही.

आता तुमचं स्वतःचं. स्वयंसेवकांमध्ये तुम्हीही आलात, हे लोक विसरतात. 2014 मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली त्रुटी उघडकीला आली तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या, निम्म्या इंटरनेटचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाची गोष्ट तर ताजी आहे. एकच माणूस ते वर्षानुवर्षं सांभाळत होता, दमलेला होता, आणि तसं त्यानं सांगितलंही होतं. इंटरनेटवरच्या काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे तगादा लावला की काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्यानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्या माणसानं ते सोडून दिलं नाही म्हणून आपण वाचलो. यातून नव्या लोकांवर संशय घ्यायला शिकू नका. एका माणसाला एकटं दमू देऊ नका, हे शिका. तिघं आहात तर पाळी लावा: या महिन्यात पीआरना पहिलं उत्तर कोण देणार, ते ठरलेलं असू द्या, आणि ज्याची पाळी नाही त्यानं निवांत झोपावं.

पैसा कुठे लागतो? तो प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या वेळेसाठी लागतो, दर पीआरमागे नाही. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं 2024 मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअरला देण्यासाठी. असे मार्ग हळूहळू तयार होतायत. अर्ज करण्याची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडे परवाना, योगदानाचे नियम आणि कामाचा इतिहास नीट असायला हवा. तुमच्या रेपोत परवान्याची फाइलच नाही, ती आजच टाका. परवाना नसलेल्या कोडला शहाणा माणूस हात लावत नाही.

मराठी मुलांबद्दल एक गोष्ट खास सांगायची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठी माध्यमातून शिकून आलेल्या कितीतरी मुलांना कोड येतो, पीआरचं वर्णन इंग्रजीत लिहायची भीती वाटते. चूक झाली तर जगासमोर दिसेल, ही ती भीती. तुमचं सॉफ्टवेअर मराठीसाठी आहे. इश्यू (तक्रारी-सूचना), पीआर, चर्चा मराठीत चालतील असं रीडमीच्या पहिल्या चार ओळींत ठळक लिहा आणि स्वतः मराठीत लिहून दाखवा. आम्ही हे केल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सात नवे जण आले, त्यातले चार अजून आहेत. आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं गप्प झाली तर ती सोडून गेली असं समजू नका. मे-जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत येतात. तेव्हा त्यांच्यासाठी काम काढून ठेवलेलं असावं.

आता त्या दोन पीआरबद्दल. शेतीच्या शब्दांचा मी शेवटपर्यंत वाचला. रूपं जवळजवळ सगळी बरोबर आहेत, दोन-तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बघावं लागेल. आज रात्री त्यांना उशिराबद्दल मनापासून लिहा, तो पीआर तसाच मर्ज करा, म्हणजे मूळ कोडात घ्या, आणि ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही नंतर करा. मग त्यांना विचारा की बैलगाडीच्या भागांचे शब्द तुमच्याकडे आहेत का. तुमच्या कोशात ‘जू’ आहे, ‘शिवळ’ आणि ‘साटी’ नाहीत. दुसऱ्या पीआरला चाचणी नाही म्हणून तो अडलाय असं दिसतं. ती चाचणी मी लिहून रविवारी पाठवतो, माझा तुमच्याकडचा पहिला पीआर म्हणून.